राजा गेला, राष्ट्रपती आले : नेपाळच्या कारभारात बदलले काय?

लुंबिनीची यात्रा करून आलेले आपले अनेक बांधव नेपाळची एखादी नोट आठवण म्हणून जपून ठेवतात. जुन्या नोटेवर राजाचे चित्र असे. आताच्या नोटेवर सगरमाथा, म्हणजे आपण ज्याला एव्हरेस्ट म्हणतो ते शिखर आहे. मधल्या काळातल्या, २००७ च्या सुमाराच्या काही नोटा मात्र मोठ्या गमतीच्या. त्यांच्या कागदात राजाचे जलचिन्ह होते. तो कागद वाया कशाला घालवायचा, म्हणून त्या जलचिन्हावर लालीगुरांसचे फूल छापून टाकले. राजा फुलाखाली झाकला गेला आणि नोट बाजारात चालू लागली. हिशेबाच्या टेबलावर अर्धे आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्या कारकुनाला ही काटकसर फार आवडली.

परंतु वाचकहो, नोटेवरचे चित्र बदलले म्हणजे राज्य बदलले, असे होत नाही. राजा असताना नेपाळचा कारभार कोण पाहत होते आणि आज कोण पाहते, हे समजून घेण्यासारखे आहे. एकाच देशाने, एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत, घटनात्मक राजेशाहीही पाहिली आणि संघराज्यात्मक प्रजासत्ताकही पाहिले, अशी उदाहरणे जगात फार नाहीत.

घटनात्मक राजेशाही म्हणजे राजा असतो, पण राज्य त्याचे मंत्री करतात. इंग्लंडचा राजा सही करतो, निर्णय मंत्रिमंडळ घेते आणि मंत्रिमंडळ संसदेला जबाबदार राहते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, आपल्या राष्ट्रपतीचे स्थान इंग्लंडच्या राजासारखेच राहील. तो राज्याचा प्रमुख असेल, कारभाराचा नव्हे. तो राष्ट्राचे प्रतिनिधित्व करील, राज्य करणार नाही. म्हणजे कागदावर पाहिले तर दोघेही सही करणारेच! मग फरक कुठे पडतो? एक फरक उघड आहे : राजा पोटी जन्माला येऊन होतो, राष्ट्रपती निवडून येतो. दुसरा फरक मात्र सहज दिसत नाही आणि नेपाळी जनतेला तो फार महागात पडला.

नोव्हेंबर १९५६ मध्ये, धम्मदीक्षेनंतर महिनाभराने, बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते. त्या वेळी राजा महेंद्र गादीवर होते. पुढे १९५९ साली तिथे पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि विश्वेश्वरप्रसाद कोईराला पंतप्रधान झाले. पण सुमारे दीड वर्षातच, १५ डिसेंबर १९६० रोजी, राजा महेंद्र यांनी ते सरकार बरखास्त केले आणि पंतप्रधानांना थेट कैदेत टाकले. पक्षांवर बंदी आली ती तीस वर्षे उठली नाही. त्या काळात पंचायत नावाची व्यवस्था होती. नाव आपल्या ओळखीचे असले तरी सगळे दोर राजवाड्यात होते.

१९९० च्या वसंतात लोक रस्त्यावर आले आणि राजा वीरेंद्र यांना माघार घ्यावी लागली. ९ नोव्हेंबर १९९० रोजी नवी घटना जाहीर झाली. तिने सार्वभौमत्व जनतेकडे दिले. २०५ सदस्यांची प्रतिनिधिसभा, ६० जणांची राष्ट्रीय सभा, बहुमताचा पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागणारा राजा, असा नमुना इंग्लंडसारखाच होता. सर्वोच्च न्यायालयालाही धार होती. १९९५ साली पंतप्रधान मनमोहन अधिकारी यांच्या शिफारशीवरून विसर्जित केलेली सभा न्यायालयाने पुन्हा जिवंत केली.

मात्र या घटनेत भोके राहून गेली होती. देशाला ‘हिंदू राज्य’ म्हटले होते, हे एक. राजाच्या कृत्यांबद्दल न्यायालयात प्रश्न विचारता येत नसे, हे दुसरे. सैन्याचे नावच ‘शाही’ होते आणि त्याची निष्ठा राजवाड्याशी होती, हे तिसरे. आणि कलम १२७! घटना राबवताना अडचण आली तर ती दूर करण्यासाठी राजाने आदेश काढावेत, असे हे कलम सांगत होते. असे आदेश संसदेपुढे ठेवावेत, असेही त्यात लिहिले होते. कचेरीत काम करणारे बांधव ओळखतील की ‘अडचण दूर करणे’ हे शब्द किती लांब ताणता येतात.

१९९६ पासून माओवाद्यांचे सशस्त्र युद्ध पेटले. १ जून २००१ च्या रात्री राजवाड्यात हत्याकांड होऊन वीरेंद्र यांच्यासह राजघराण्यातील अनेक जण मारले गेले. त्यानंतर ज्ञानेंद्र गादीवर आले. मे २००२ मध्ये संसद विसर्जित झाली, आणि ऑक्टोबरमध्ये राजाने कलम १२७ चा आधार घेऊन पंतप्रधान शेरबहादूर देउबा यांना घरी पाठवले. आदेश संसदेपुढे ठेवायचे, पण संसदच जाग्यावर नव्हती! १ फेब्रुवारी २००५ रोजी तर राजाने सगळी सत्ता आपल्याच हातात घेतली. गावपातळीवरही तसेच झाले. १९९७ नंतर गावांत निवडणूक झाली ती एकदम २०१७ साली. त्यातली सुमारे पंधरा वर्षे गावाला निवडून दिलेला प्रमुख नव्हता. जन्मदाखल्यापासून पाण्याच्या नळापर्यंत सगळे नोकरशाहीच्या मर्जीवर.

एप्रिल २००६ मध्ये एकोणीस दिवसांचे जनआंदोलन झाले आणि राजाला संसद परत बोलवावी लागली. मे महिन्यात त्या संसदेने राजाचे अधिकार काढून घेतले, सैन्याच्या नावातला ‘शाही’ शब्द पुसला आणि राजाच्या मालमत्तेवर करही बसवला. २८ मे २००८ रोजी संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी प्रजासत्ताक जाहीर केले. नारायणहिटी राजवाड्याचे पुढे संग्रहालय झाले. तिकीट काढून कोणीही आत जाऊ शकतो.

नवी घटना यायला मात्र २० सप्टेंबर २०१५ उजाडावा लागला. पहिली संविधान सभा काम न संपवताच २०१२ मध्ये संपली, दुसरी निवडावी लागली. आता राष्ट्रपतीला संघीय संसद आणि प्रांतांच्या सभा मिळून पाच वर्षांसाठी निवडतात. दोन वेळांपेक्षा जास्त कोणी राहू शकत नाही आणि दोन तृतीयांश मतांनी त्याला महाभियोगाने काढताही येते. राजाला काढायला रस्त्यावर रक्त सांडावे लागले होते. प्रतिनिधिसभेत २७५ सदस्य असतात. १६५ मतदारसंघांतून, तर ११० पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात येतात. राष्ट्रीय सभेत ५९ जण असतात. सात प्रांतांतून प्रत्येकी आठ, त्यात तीन स्त्रिया आणि एक दलित असलाच पाहिजे, असे घटनेतच लिहिले आहे.

आता ‘संघराज्य’ म्हणजे काय ते लुंबिनीवरूनच पाहू. लुंबिनी विकास न्यास केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतो. ज्या प्रांतात हे ठिकाण आहे, त्याचे नावही लुंबिनी प्रांत, त्याला स्वतःचा मुख्यमंत्री आणि विधानसभा आहे. आणि गावचा कारभार लुंबिनी सांस्कृतिक नगरपालिका पाहते. म्हणजे एका जागी तीन सरकारे. आपल्याकडे ग्रामपंचायतीला काय द्यायचे ते राज्य सरकार ठरवते आणि सरपंचाला गटविकास अधिकाऱ्याच्या दाराशी ताटकळावे लागते. नेपाळच्या घटनेने ७५३ स्थानिक पालिकांना अधिकारांची वेगळी यादीच दिली आहे. माध्यमिकपर्यंतचे शिक्षण, प्राथमिक आरोग्य, स्थानिक रस्ते त्यांच्याकडे आहेत. पैशाचेही तसेच. मूल्यवर्धित कर आणि देशांतर्गत अबकारी कराच्या शंभर रुपयांतले सत्तर केंद्राला, पंधरा प्रांतांना आणि पंधरा पालिकांना. बाकी अनुदानासाठी प्रांतांना अजूनही काठमांडूकडेच तोंड करावे लागते, आणि आमच्या मते संघराज्याचे खरे दुखणे तिथेच आहे. चावी ज्याच्याकडे, घर त्याचे.

आमच्या भगिनींनी एक गोष्ट जरूर लक्षात घ्यावी. तिथे देशभर ६,७४३ प्रभाग आहेत. प्रत्येक प्रभागात दोन स्त्री सदस्य, त्यांतली एक दलित स्त्री असावी, असा नियम आहे. २०१७ च्या निवडणुकीत साडेसहा हजारांहून अधिक दलित स्त्रिया निवडून आल्या. काही ठिकाणी उमेदवारच न मिळाल्याने जागा रिकाम्या राहिल्या, हेही सांगितले पाहिजे. पालिकेच्या उपप्रमुखाकडे न्यायिक समिती असते. मजुरी, पोटगी, शेताच्या बांधाची भांडणे तिथे चालतात. बहुतेक ठिकाणी उपप्रमुख स्त्रीच असते. प्रमुख आणि उपप्रमुख यांपैकी एक उमेदवार स्त्री द्या, असा नियम झाला आणि पक्षांनी ‘उप’ तेवढे स्त्रियांना दिले! हा पुरुषी कावा आपल्याकडेही नवा नाही.

कायदा झाला म्हणून गावगाडा बदलत नाही. १८५४ च्या मुलुकी ऐनने नेपाळात जातींची उतरंड कायद्यातच कोरली होती, ती शंभर वर्षे टिकली. २०१५ च्या घटनेने अस्पृश्यता गुन्हा ठरवली, दलितांच्या हक्कांचे वेगळे कलम घातले. तरी मे २०२० मध्ये पश्चिम रुकुममध्ये एक दलित तरुण वरच्या जातीतल्या प्रेयसीला आणायला मित्रांसह गेला, तेव्हा जमावाने हल्ला केला आणि सहा तरुणांचा जीव गेला. आरोपींत तिथला प्रभाग अध्यक्षही होता. मतपेटीतून निवडून आलेला, नव्या घटनेखालचा माणूस. डिसेंबर २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने अनेकांना जन्मठेप सुनावली.

मग प्रजासत्ताकाने साधले काय? डिसेंबर २०२० मध्ये पंतप्रधान के. पी. ओली यांच्या शिफारशीवरून राष्ट्रपतींनी प्रतिनिधिसभा विसर्जित केली. दोन महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने ती परत बसवली. मे २०२१ मध्ये पुन्हा विसर्जन, जुलैमध्ये पुन्हा न्यायालयाचा तोच निकाल, आणि देउबांना पंतप्रधान नेमण्याचा आदेश. राजाने घेतलेली सत्ता परत मिळवायला चौदा महिने आणि एक जनआंदोलन लागले होते, इथे वकिलांचे कागद पुरले. एवढा फरक आम्हांला मोठा वाटतो. तरीही १९९० पासून एकाही पंतप्रधानाने पाच वर्षे पूर्ण केली नाहीत आणि तीच ती तोंडे आलटून पालटून खुर्चीवर बसत राहिली. त्याचा राग सप्टेंबर २०२५ मध्ये फुटला. समाजमाध्यमांवरील बंदीचे निमित्त झाले. ८ तारखेच्या गोळीबारात तरुण मुले मारली गेली, दुसऱ्या दिवशी संसद, सिंहदरबार आणि सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतींना आगी लागल्या. ओलींनी राजीनामा दिला. त्या काही दिवसांत सत्तराहून अधिक माणसे गेली.

१२ सप्टेंबरला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. नेपाळच्या त्या पहिल्या स्त्री पंतप्रधान. पण घटनेच्या कलम ७६ प्रमाणे पंतप्रधान प्रतिनिधिसभेचा सदस्य असावा लागतो आणि त्या सदस्य नव्हत्या. राष्ट्रपती रामचंद्र पौडेल यांनी कलम ६१ पुढे केले. घटनेचे पालन आणि रक्षण हे राष्ट्रपतीचे कर्तव्य, असे ते कलम सांगते. आमच्यासारख्याला इथे जुने कलम १२७ आठवल्यावाचून राहत नाही. या वेळी मात्र नेमणुकीविरुद्ध अर्ज न्यायालयात दाखल होऊ शकले, आणि सभा विसर्जित करतानाच निवडणुकीची तारीख जाहीर झाली होती : ५ मार्च २०२६.