चाळीस किलोबाइटचा मारिओ

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांत ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जे यंत्र टीव्हीला जोडलं जायचं, ते बहुतेक वेळा एका जपानी यंत्राची स्वस्त नक्कल असायचं. मूळ यंत्राचं नाव फॅमिली कॉम्प्युटर, लाडाचं नाव फॅमिकॉम. १५ जुलै १९८३ रोजी ते जपानच्या बाजारात आलं, किंमत १४,८०० येन. बनवणारी निन्टेंडो ही क्योटोतली कंपनी १८८९ पासून हानाफुदा पत्ते छापत आली होती.

अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना यंत्र स्वस्तात हवं होतं. अभियंता मासायुकी उएमुरा यांनी त्या अटीत जे बसवलं, ते आजही थक्क करतं. प्रोसेसरचा वेग पावणेदोन मेगाहर्ट्झच्या आसपास, कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट. हा लेख साठवायलासुद्धा त्याहून जास्त जागा लागते! पडद्यावरच्या एका आडव्या रेषेत आठच हलती चित्रं दिसू शकत. नववं आलं की ते गायब व्हायचं, म्हणून प्रोग्रॅमर त्यांना आळीपाळीने दाखवत. ‘कॉन्ट्रा’ या खेळात गर्दी झाली की माणसं आणि गोळ्या लुकलुकायच्या त्या यामुळेच.

सप्टेंबर १९८५ मध्ये आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटचा आहे. त्यातला ढग आणि खालचं झुडूप नीट पाहा. आकार एकच आहे, वर पांढरा रंग आणि खाली हिरवा. जागा वाचवण्यासाठी केलेली ही युक्ती मला त्या खेळाच्या संगीताइतकीच सुंदर वाटते.

काटकसरीची हीच बुद्धी सोबतच्या सामानातही उतरली. कंट्रोलरवरचं, अंगठ्याखालचं अधिक चिन्हाच्या आकाराचं बटण गुनपेई योकोई यांचं. निन्टेंडोच्या १९८२ च्या ‘डाँकी काँग’ या घडीच्या हातखेळण्यासाठी त्यांनी ते बनवलं होतं. जॉयस्टिकचा दांडा जमिनीवर पडला आणि मुलांचा पाय पडला तर मोडणार, हे बटण मोडत नाही. जपानी यंत्राच्या दुसऱ्या कंट्रोलरमध्ये चक्क मायक्रोफोन होता. ‘झेल्डा’ या खेळातल्या लांब कानांच्या एका राक्षसाला त्यात ओरडून मारता यायचं. अमेरिकी यंत्रातून मायक्रोफोन काढून टाकला, पण त्या राक्षसाला मोठा आवाज सहन होत नाही, ही सूचना माहितीपुस्तकात तशीच राहिली. बिचारी अमेरिकी मुलं!

अमेरिकेत हे यंत्र एनईएस या नावाने ऑक्टोबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उतरलं, तेव्हा तिथले दुकानदार व्हिडिओ गेमचं नावही ऐकायला तयार नव्हते. १९८३ मध्ये तो धंदा कोसळला होता. म्हणून निन्टेंडोने यंत्राला व्हीसीआरचं रूप दिलं आणि सोबत रॉब नावाचा रोबो ठेवला, म्हणजे दुकानदारांनी ते खेळणं समजून घ्यावं. पडद्याच्या लुकलुकण्यातून रोबोला हुकूम मिळायचे आणि तो सावकाश हात हलवायचा. त्याच्यासाठी दोनच खेळ निघाले. दुकानाचं दार उघडून देणं, एवढंच त्याचं खरं काम होतं.

या यंत्राच्या खेळण्यातल्या बंदुकीची गोष्ट मात्र वेगळी. ‘डक हंट’ या खेळात टीव्हीवरच्या बदकाला गोळी लागते कशी? बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही, उलट तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा डोळा असतो. घोडा दाबला की क्षणभर सगळा पडदा काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. डोळ्याला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम बरोबर. दोन बदकं असतील तर चौकोन एकामागून एक येतात आणि कोणत्या वेळी उजेड दिसला त्यावरून कोणतं बदक पडलं हे कळतं. अंधार आधी का? दिव्याकडे बंदूक रोखून कोणी फसवू नये म्हणून. सेकंदाच्या काही साठाव्या भागांत हे सगळं आटोपतं.

आपल्याकडे आलेल्या नकलांबरोबरही अशी बंदूक मिळायची. ‘९९९९९९९ इन १’ असं छापलेल्या कॅसेटमध्ये मोजकेच खेळ नावं आणि लेव्हल बदलून पुन्हा पुन्हा असायचे. यंत्राची वायर अँटेनाच्या जागी लावायची, चॅनल जुळवायचं आणि कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची. त्या फुंकरीवर सगळ्यांचा केवढा विश्वास! काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे, कारण पिना नव्याने टेकायच्या. तोंडातल्या दमट हवेने उलट तांबं गंजतं. आज कोणाला जुनी कॅसेट साफ करायची असेल, तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हळूच पुसावी.

जगभरात या यंत्राचे ६ कोटींहून जास्त नग विकले गेले आणि जपानमधलं उत्पादन २००३ मध्ये थांबलं. खेळ आजही सापडतात, नव्या टीव्हीवर चालतातही. बंदूक मात्र चालत नाही. जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबवर चित्र ठरल्या क्षणी रेषेरेषेने उमटायचं, तर सपाट पडदा ते दाखवायला किंचित उशीर लावतो आणि बंदुकीच्या डोळ्याला पांढरा चौकोन वेळेत दिसतच नाही. त्यामुळे घरात हे यंत्र आणि बंदूक जपून ठेवली असेल, तर माळ्यावरचा तो जड, फुगीर टीव्ही भंगारवाल्याला देऊ नका. बदकं फक्त त्याच्यावरच पडतात.