सात खुर्च्यांची समिती

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं, की कोल्हापुरात सर्वांत आधी हलतो तो सुतारवाडा. दसरा चौकाजवळची ही वस्ती. पोरंबाळं, भांडीकुंडी, शाळेची दप्तरं घेऊन माणसं चित्रदुर्ग मठात जातात आणि पाणी ओसरलं की घरातला चिखल काढायला परत येतात. २००५, २०१९ आणि २०२१ ही महापुराची वर्षं अख्ख्या शहराच्या लक्षात आहेत. सुतारवाड्याला घर सोडायला मात्र महापूर लागत नाही, साधा पूरही पुरतो.

मग ही माणसं तिथंच का राहतात, असं बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात. उत्तर सरळ आहे. कामधंद्याच्या टप्प्यात, उंचावर, त्यांना परवडेल अशी जागा या शहरात त्यांच्यासाठी राखलेली नाही. आणि शहरात कुठली जागा कुणासाठी राखायची हा तोलमोल जिथं होतो, ते टेबल फार थोड्या कोल्हापूरकरांना माहीत आहे. विकास आराखड्याची नियोजन समिती हे त्याचं नाव.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याच्या २८व्या कलमात या समितीचा जन्म आहे. महापालिकेनं प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला, की लोकांकडून लेखी हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्या ऐकायला समिती बसते. तीन सदस्य महापालिकेच्या स्थायी समितीतले, म्हणजे निवडून आलेले. त्यांच्या जोडीला नगररचना संचालकांनी नेमलेले, या विषयाचं विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेले जास्तीत जास्त चौघे. एकूण सात. समिती आपला अहवाल महापालिकेला देते, महापालिका आराखड्यात फेरबदल करून तो शासनाकडे पाठवते आणि अंतिम शिक्का शासनाचा बसतो. कायद्यानं पाहिलं तर समितीचं काम सल्ला देण्याचं. पण अर्जदाराला समोर बसवून, त्याचं म्हणणं ऐकून मग मत देणारी आख्ख्या प्रक्रियेतली खरी जागा हीच आहे. वरच्या टप्प्यांवर पोहोचतात ते कागद.

सुनावणीला येणाऱ्या माणसाच्या हातात काय असतं ते पाहा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणीचा नकाशा, रेखांकन मंजूर असेल तर त्याचा आदेश, सोबत आर्किटेक्ट किंवा वकील. अर्जावर रि. स. (रिव्हिजन सर्व्हे) नंबर ठळक. मागणी बहुतेक वेळा एका ओळीत मांडता येते: माझ्या जमिनीवरचं आरक्षण उठवा. यात गैर काही नाही. वडिलोपार्जित दीड एकरातल्या एकरभरावर क्रीडांगण पडलं, तर कुणीही धावत येईल. समिती नकाशा पाहते, नगररचना अधिकाऱ्याचं टिपण पाहते, शेजारच्या जमिनींवर काय दाखवलंय ते पाहते. एकाचं आरक्षण उठवलं तर ती गरज दुसऱ्याच्या गटावर न्यावी लागते, नाहीतर गाळावी लागते. खरी कसोटी इथं असते.

आता ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी घरे’ किंवा ‘बेघरांसाठी घरे’ असं आरक्षण घ्या. ते उठवा म्हणणारा जमीनमालक समोर हजर असतो, त्याच्याकडे कागद असतात, त्याचं नुकसान रुपयांत मोजता येतं. ते राहू द्या म्हणायला कोण येतं? ज्याला त्या जागेवर पंधरा वर्षांनी घर मिळायचं आहे, त्याला आज ते ठाऊकही नसतं. त्याच्या नावावर सातबारा नाही, रि. स. नंबर नाही, सुनावणीची नोटीस जायला पत्ता नाही. समितीतली माणसं कितीही सचोटीची असली, तरी तराजूच्या एकाच पारड्यात माणसं येऊन बसतात. परवडणाऱ्या घरांच्या धोरणातली माझ्या मते सर्वांत मोठी उणीव हीच आहे आणि कितीही नव्या योजना आणल्या तरी ती भरून निघत नाही.

आरक्षण नकाशावर टिकलं, तरी पुढची वाट खडतर आहे. अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षं झाली आणि जमीन ताब्यात घेतली गेली नाही, तर मालक १२७व्या कलमाखाली खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतरच्या २४ महिन्यांत महापालिकेनं संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप जातं. २०१३च्या भूसंपादन कायद्यानुसार शहरी जमिनीला बाजारमूल्याच्या साधारण दुप्पट मोबदला द्यावा लागतो. तेवढा पैसा कोल्हापूरच्या आकाराच्या महापालिकेनं आणायचा कुठून? टीडीआरचा, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काचा, पर्याय असतो, पण तो स्वीकारणं मालकाच्या मर्जीवर. रस्ता आणि पाण्याची टाकी यांसाठी सगळे मिळून रेटा लावतात. गरिबांच्या घरांच्या जागेसाठी तसा रेटा लागत नाही आणि मुदत निघून जाते.

कोल्हापूरची अडचण आणखी वेगळी आहे. १९७२च्या डिसेंबरात नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटरच आहे. हद्दवाढीसाठी आंदोलनं झाली, तितक्याच जोरानं गावांकडून विरोध झाला. शेवटी २०१७ मध्ये तोडगा म्हणून ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं. पण शहराच्या हद्दीत पोट भरणारा माणूस उचगाव, पाचगाव, मोरेवाडी, कळंब्याकडे घर शोधतो, आणि त्याच्या घराचा नि कामाचा विचार दोन वेगळ्या कार्यालयांत होतो.

एक नियम तर कोल्हापूरला चाटूनही जात नाही. २०२०च्या डिसेंबरात राज्यात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत समावेशक गृहनिर्माणाची तरतूद आहे. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर गृहप्रकल्प करायचा, तर २० टक्के हिस्सा छोट्या घरांसाठी किंवा छोट्या भूखंडांसाठी द्यायचा. नाशिकमध्ये अशी घरं म्हाडाच्या सोडतीत आली. ही तरतूद मात्र ताज्या जनगणनेप्रमाणे १० लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांसाठी आहे. ताजी जनगणना २०११ची. तिच्यात कोल्हापूर महापालिकेची लोकसंख्या ५ लाख ४९ हजार. म्हणजे इथं कितीही मोठा प्रकल्प उभा राहिला, तरी त्यातलं एकही घर या नियमानं गरिबासाठी निघत नाही. मध्यम शहरांना हा नियम नको, असं म्हणण्याला मला तरी काही आधार दिसत नाही. जमिनीचे भाव १० लाखांची पाटी पाहून वाढत नसतात.

मग सामान्य माणसानं घर केलं कसं? गुंठ्यावर. फौंड्रीत, मार्केट यार्डात, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत राबणाऱ्यांनी शेतजमिनीतला एखादा गुंठा घेतला, म्हणजे १,०८९ चौरस फूट, आणि जमेल तशी एकेक खोली वाढवली. बिगरशेती नाही, रेखांकन नाही, रस्ता कधी नऊ फुटी तर कधी तोही नाही. २००१च्या गुंठेवारी कायद्यानं अशी घरं नियमित करायची सोय केली आणि २०२१च्या दुरुस्तीनं ती सोय ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या घरांना लागू झाली. सरकारी कुठल्याही योजनेपेक्षा कोल्हापूर परिसरातल्या कष्टकऱ्यांना जास्त घरं गुंठेवारीनं दिली, असं म्हणायला मी कचरणार नाही. नियोजनकारांना तो अवैध पसारा वाटतो. आराखड्यानं जी गरज ओळखली नाही, ती लोकांनी स्वतःच्या खर्चानं भागवली, असं त्याकडे पाहिलं पाहिजे.

प्रधानमंत्री आवास योजना २०१५च्या जूनमध्ये आली. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, ३० चौरस मीटर चटई क्षेत्राचं घर. स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला ही मदत मोलाची. पण जागा आधी नावावर हवी, आणि घोडं तिथंच अडतं. राज्याच्या २०२५च्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे. त्यातली कोल्हापूरच्या वाट्याची घरं कुठल्या रि. स. नंबरावर उभी राहणार, हे धोरणात नसतं. ते आराखड्यात असावं लागतं.

३० चौरस मीटर म्हणजे ३२३ चौरस फूट. एक हॉल, एक खोली, स्वयंपाकाचा ओटा, संडास-बाथरूम. बापट कॅम्पातल्या किंवा शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या कुटुंबाला हे घर दाखवा. त्यांचा पहिला प्रश्न असेल: मूर्ती कुठं ठेवायच्या? गणपतीचं काम उन्हाळ्यापासून चालतं. माती किंवा प्लॅस्टर, साचे, वाळत ठेवलेल्या मूर्ती, रंगकाम या सगळ्याला आडोशाची लांबरुंद जागा लागते. जुलै-ऑगस्टमध्ये मूर्ती तयार होतात आणि नेमका तेव्हाच पूर येतो. २०१९ आणि २०२१ मध्ये वर्षाची कमाई डोळ्यांदेखत पाण्यात गेली. त्यांना पूररेषेबाहेर हलवायचं, तर घरासोबत कामाची शेड द्यावी लागेल, आणि गिऱ्हाईक मूर्ती न्यायला येईल इतक्या अंतरावर द्यावी लागेल. ‘आर्थिक दुर्बलांसाठी घरे’ या एका शिक्क्यात हे मावत नाही. समितीसमोर एखादा कुंभार येऊन बोलला, तरच ते कळेल.

पूररेषेचा प्रश्नही असाच हाताळावा लागतो. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराच्या टप्प्यात, नवं बांधकाम चालत नाही. निळी रेषा आणि त्याहून मोठ्या पुराची लाल रेषा यांच्यामध्ये जोतं उंच घेण्याच्या अटीवर परवानगी मिळते. ज्याच्याकडे पैसा आहे तो जोतं उंच घेतो, खाली पार्किंग सोडतो. पत्र्याचं घर असलेल्याला तो खर्च झेपत नाही. रेषा दोघांना सारखीच लागू, भार मात्र सारखा नाही. म्हणून निळ्या रेषेच्या आत जितकी घरं असतील, तितक्या घरांची जागा उंचावर राखल्याशिवाय आराखडा पुढे जाऊ नये, अशी शिफारस समितीनं केली पाहिजे.

या शहराला वस्ती वसवणं नवं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली. राजाराम महाराजांच्या काळातल्या राजारामपुरीच्या क्रमांकांच्या सरळ गल्ल्या आजही नियोजनाचा धडा म्हणून दाखवता येतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून, शहराजवळ वळिवडे इथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. घरं, शाळा, दवाखाना, चर्च असं ते छोटं गावच होतं. फाळणीनंतर तिथं सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर झालं. हजारो मैलांवरून आलेल्या माणसांना छप्पर द्यायचं ठरल्यावर जागा सापडली होती.

नियोजन समितीच्या मर्यादा पाहायच्या तर पुण्याकडे पाहावं. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ८० हजारांहून जास्त हरकती आल्या. समितीतले नगरसेवक आणि शासननियुक्त तज्ज्ञ यांचं एकमत झालं नाही. अखेर मार्च २०१५ मध्ये राज्य शासनानं आराखडा महापालिकेकडून काढून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला. कोल्हापुरात सध्याचा आराखडा १९९९ साली मंजूर झालेला. २० वर्षांत तो सुधारायला हवा, हे कायदाच सांगतो. आणि महापालिकेची मुदत १५ नोव्हेंबर २०२० रोजी संपल्यापासून जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकीपर्यंत इथं प्रशासक होता. नगरसेवक नाहीत म्हणजे स्थायी समिती नाही, म्हणजे समितीतल्या सातपैकी तीन खुर्च्यांवर बसायला लोकांचं कुणी नाही. आता ८१ नगरसेवक आले आहेत. आराखड्याकडे ते आपापल्या प्रभागातली आरक्षणं उठवण्याची संधी म्हणून पाहतात की शहराचं काम म्हणून, यावर पुष्कळ अवलंबून आहे.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात गृहनिर्माणाचा राज्य निधी घेणाऱ्या शहरांना आणि काउंट्यांना परवडणाऱ्या घरांसाठी वेगळी सल्लागार समिती नेमावी लागते. सदस्य ८ ते ११. घरं बांधणारा, कर्ज देणारा, बांधकाम मजुरांचा प्रतिनिधी, आणि गरिबांच्या घरांची बाजू मांडणारा, अशा घटकांतून सदस्य घ्यायचे असं कायद्यातच लिहिलंय. आपल्याला त्यासाठी नवा कायदाही नको. २८व्या कलमातल्या चौघांमध्ये ‘प्रत्यक्ष अनुभव’ असलेली माणसं घेता येतात. नगररचना संचालकांनी त्यातली एक जागा झोपडपट्टी पुनर्वसनात किंवा कष्टकऱ्यांच्या गृहनिर्माण संस्थेत काम केलेल्या माणसाला द्यावी. निदान एका खुर्चीवर तरी असं कुणीतरी हवं, ज्याला बापट कॅम्प नकाशा न उघडता माहीत आहे.

एक गोष्ट मात्र कुणाच्या नेमणुकीवर अवलंबून नाही. हरकत किंवा सूचना देण्यासाठी जमीन नावावर असावी लागत नाही. कायदा ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतो. भाडेकरू, घरकामाला जाणारी बाई, फौंड्रीतला कामगार, कुंभार गल्लीतला कारागीर, कुणीही साध्या कागदावर लिहून देऊ शकतो. शहराच्या नव्या आराखड्याचं प्रारूप हरकतींसाठी खुलं झालं, की तालमींनी, महिला बचत गटांनी आणि पेठेतल्या मंडळांनी वर्गणीसाठी फिरावं तसं घरोघर फिरून सूचना गोळा कराव्यात: आमच्या भागात अमुक जागा छोट्या घरांसाठी राखा, ती उठवू नका. अर्जाची पोच घ्या, सुनावणीची तारीख विचारा आणि त्या दिवशी जाऊन बसा.