‘नॅक ए प्लस प्लस’ म्हणजे चांगलं एमबीए?

एमबीए सीईटीचा निकाल लागला की पुढचे काही आठवडे एकच वाक्य निरनिराळ्या तोंडून ऐकावं लागतं: ‘कॉलेजला नॅकची ए प्लस प्लस आहे, म्हणजे प्रश्नच नाही.’ कधी मुलाचे वडील म्हणतात, कधी क्लासवाले सर. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर तर ते सोनेरी अक्षरांत छापलेलंच असतं. प्रश्न आहे, आणि तो काही लाखांच्या फीचा आहे.

नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषद, यूजीसीने १९९४ साली बंगळुरूत स्थापन केली. ती मूल्यमापन करते ते संपूर्ण संस्थेचं. अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, ग्रंथालय आणि इमारती, विद्यार्थ्यांना मिळणारं साहाय्य, प्रशासन, सामाजिक मूल्यं असे सात निकष असतात. आता असं एक कॉलेज घ्या, जिथे कला, वाणिज्य, विज्ञान पूर्वीपासून आहे आणि वरच्या मजल्यावर साठ जागांचं एमबीए नंतर आलं. त्या कॉलेजची श्रेणी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेने, एनएसएसच्या शिबिरांनी आणि पन्नास वर्षांच्या ग्रंथालयाने कमावलेली असू शकते. श्रेणी साधारण पाच वर्षं चालते, त्यामुळे समिती येऊन गेली तेव्हा एमबीए सुरूही झालेलं नव्हतं, असंही घडू शकतं. तरी सोनेरी अक्षरं एमबीएच्याच माहितीपत्रकावर.

याहून वरची पायरी म्हणजे ‘ए प्लस प्लस विद्यापीठाशी संलग्न’. मुंबई विद्यापीठाला २०२१ मध्ये ४ पैकी ३.६५ गुण आणि ए प्लस प्लस श्रेणी मिळाली, हे खरं. पण ती श्रेणी विद्यापीठाची आणि त्याच्या स्वतःच्या विभागांची. संलग्न कॉलेजांचं मूल्यमापन वेगळं होतं, आणि ते झालंय का, कधी झालं, हे त्या कॉलेजलाच विचारावं लागतं. विद्यापीठाची श्रेणी संलग्न कॉलेजच्या फलकावर लावणं म्हणजे शब्दशः खोटं न बोलता दिशाभूल करणं, आणि ती वर्षानुवर्षं उजळ माथ्याने चालू आहे.

बरं, ही श्रेणी ठरते कशी? २०१७ पासूनच्या पद्धतीत सुमारे ७० टक्के भार संस्थेनेच भरून दिलेल्या आकडेवारीवर होता. त्याची पडताळणी बाहेरची यंत्रणा करायची, आणि उरलेलं प्रत्यक्ष भेटीला येणाऱ्या समितीच्या हाती. पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी २०२३ मध्ये राजीनामा दिला तो श्रेणी देण्यातल्या गैरप्रकारांकडे बोट दाखवूनच. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका संस्थेला वरची श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीच्या अध्यक्षासह सदस्यांना अटक केली. त्याआधीच, २०२४ मध्ये, श्रेण्यांऐवजी नुसतं ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ असं सांगण्याची पद्धत आणायचं नॅकने जाहीर केलं होतं. यावरून सगळ्या श्रेण्या विकत घेतलेल्या असतात असं म्हणणं अन्यायाचं होईल. प्रामाणिकपणे काम करून श्रेणी मिळवणारी कॉलेजं महाराष्ट्रात भरपूर आहेत. पण ज्या शिक्क्याबद्दल तो देणारेच फेरविचार करत होते, त्यावर आपण डोळे मिटून चेक फाडायचा?

एमबीएपुरतं पाहायचं असेल तर एनबीए, म्हणजे राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ, जास्त कामाचं. तिथे तपासणी अभ्यासक्रमाची होते, संस्थेची नाही, आणि मानांकन तीन किंवा सहा वर्षांचं असतं. इथेही एक चलाखी आहेच. आपल्याकडे एमबीए चालवणारी अनेक इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. ‘आमचं एनबीए झालंय’ असं ती सांगतात तेव्हा झालेलं असतं कॉम्प्युटरचं आणि मेकॅनिकलचं. त्याला जोडून ‘वॉशिंग्टन अकॉर्ड’ही येतं. भारत त्या कराराचा पूर्ण सदस्य २०१४ मध्ये झाला, पण तो करार इंजिनिअरिंगच्या पदव्यांपुरता आहे. एमबीएशी त्याचा काडीचाही संबंध नाही. म्हणून प्रमाणपत्रावर दोनच गोष्टी वाचा: अभ्यासक्रमाचं नाव आणि मुदत संपण्याची तारीख.

‘एआयसीटीईची मान्यता आहे’ हा दुसरा लाडका दाखला. ती अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची परवानगी आहे. हॉटेलच्या भिंतीवर परवान्याचा क्रमांक असला म्हणजे मिसळ चांगली असेल असं नाही, तसंच हे. इमारत, जागा, शिक्षकसंख्या यांच्या किमान अटी पुऱ्या केल्या की मान्यता मिळते, आणि जवळजवळ सगळ्यांकडे असते.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का आहे: ‘एआयसीटीई नाही म्हणजे बोगस.’ सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये भारतीदासन विद्यापीठाच्या खटल्यात स्पष्ट केलं की विद्यापीठांना स्वतःच्या तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी या परिषदेची पूर्वपरवानगी लागत नाही. हैदराबादची इंडियन स्कूल ऑफ बिझनेस तर २००१ पासून या मान्यतेशिवाय चालली आहे. तिला बोगस म्हणायचं धाडस कोणी करत नाही. मात्र हा अपवाद पुढे करून कोणी आपली संस्था विकत असेल तर सावध. आयआयपीएम या खासगी मॅनेजमेंट संस्थेच्या पानभर जाहिराती अनेकांना आठवत असतील. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तिला एमबीए, बीबीए हे शब्द वापरायला मनाई केली, तोवर हजारो मुलांची फी आणि वर्षं गेली होती. पदवी देणारी संस्था यूजीसी कायद्यानुसार विद्यापीठ आहे का, हे तपासायचंच. सरकारी नोकरी, पीएच.डी., शिष्यवृत्ती यांची दारं त्यावर उघडतात किंवा बंद होतात. याबाबतीत मान्यतेला पर्याय नाही.

आता किरकोळ माल. ‘पीजीडीएम एमबीएपेक्षा कमी’: आयआयएमना पदवी द्यायचा अधिकार २०१७ च्या कायद्याने मिळाला, तोवर तिथेही पदविकाच मिळे; इंद्रा नूयींनी आयआयएम कोलकात्यातून घेतली ती पदविकाच. ‘आयएसओ ९००१ प्रमाणित संस्था’: हे कार्यपद्धतीचं प्रमाणपत्र आहे, शिकवण्याच्या दर्जाचं नाही, आणि आयएसओ स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ‘एएसीएसबीचे सदस्य’: सदस्यत्व वर्गणी भरून मिळतं, मानांकनाला वर्षं लागतात. ही अमेरिकी संस्था स्वतःच दोन्हींत गल्लत करू नका असं सांगते, पण माहितीपत्रकाला ते ऐकू येत नाही.

परदेशी जाणाऱ्यांच्या घरात ‘तिहेरी मुकुटा’चं फार कौतुक असतं: अमेरिकेची एएसीएसबी, युरोपची इक्विस आणि लंडनची ॲम्बा, तिन्ही मानांकनं असलेली बिझनेस स्कूल. जगात अशा शाळा दीडशेच्या आत आहेत. पण हार्वर्ड आणि स्टॅनफर्डकडे हा मुकुट नाही, कारण त्यांना तो लागत नाही. चर्चगेटच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटकडेही नाही, तरी आपल्या सीईटीत तिथल्या जागा सर्वांत वरच्या पर्सेंटाइलला संपतात. अनोळखी देशातल्या अनोळखी शाळांतून निवड करताना मात्र ही मानांकनं उपयोगी चाळणी ठरतात, आणि तिथे ती जरूर वापरावी. मानांकन देणारी संस्था खरी आहे ना, हेही पाहावं. पाकिस्तानातल्या ॲक्झॅक्ट कंपनीचं प्रकरण २०१५ मध्ये उघड झालं, तेव्हा खोट्या विद्यापीठांबरोबर त्यांना मान्यता देणाऱ्या खोट्या संस्थाही सापडल्या होत्या.

थोडक्यात, मानांकन नसलेली शाळा गाळायला ते कामाचं आहे. मानांकन असलेल्या दहा शाळांतून एक निवडायला फारसं नाही. निवडीसाठी ‘हायएस्ट पॅकेज’चा फलक नको. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या संकेतस्थळावर मॅनेजमेंट गटातल्या संस्थांनी भरलेली माहिती विनामूल्य वाचता येते: किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक पगार किती. आकडे संस्थेनेच दिलेले असतात, म्हणून गेल्या दोन बॅचच्या चार-पाच मुलांना फोन करून ते पडताळा. कॅप प्रवेशफेरीचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी एवढं करा, आणि कॉलेजात गेलात की एमबीएचं एनबीए प्रमाणपत्र तारखेसकट दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर यादीतलं ते नाव खाली सरकवा.