कुंपणाविना शेती : इंग्लंडमधील लॅक्स्टन

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशर परगण्यात, शेरवुड अरण्याच्या पूर्वेस, लॅक्स्टन हे एक लहानसे खेडे आहे. मध्ययुगात युरोपच्या मोठ्या भागात रूढ असलेली मुक्तक्षेत्र पद्धती, म्हणजे ‘ओपन फील्ड’ शेती, येथे आजही चालू आहे आणि तिचे नियमन करणारी ग्रामसभाही टिकून आहे.

गावाचा लेखी उल्लेख १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीन-नोंदवहीत आढळतो. नॉर्मन विजयापूर्वी येथील जमीन टोची नावाच्या सरदाराकडे होती. नंतर ती जेफ्री अल्सेलिनकडे गेली. पुढे गावाच्या उत्तरेस मातीच्या उंचवट्यावर गढी उभी राहिली. नॉटिंगहॅमशर व डर्बीशर येथील राजवनांच्या वंशपरंपरागत रक्षकांचे ते ठाणे होते. आज तेथे केवळ टेकाड आणि खंदक उरले आहेत.

लॅक्स्टनची लागवडीची जमीन तीन विशाल क्षेत्रांत विभागलेली आहे : वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. एका क्षेत्रात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंत ऋतूत पेरायची पिके आणि तिसरे पडीक, असा फेरपालट दर तीन वर्षांनी पूर्ण होतो. हल्ली तिसऱ्या क्षेत्रात चाराही घेतात. प्रत्येक क्षेत्र लांबट पट्ट्यांत वाटलेले असते आणि एका शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही क्षेत्रांत विखुरलेले असतात. त्यामुळे चांगली-वाईट जमीन सर्वांच्या वाट्याला येते. पट्ट्यांमध्ये कुंपण नसते. जमीन अशी विखुरलेली असल्याने शेतात घर बांधण्यात अर्थ नव्हता. म्हणून शेतकऱ्यांची घरे आणि कोठारे गावातील रस्त्यालगतच आहेत. नांगरणीस अयोग्य अशा सखल गवताळ पट्ट्यांना ‘साइक’ म्हणतात. तेथील रानफुलांमुळे या पट्ट्यांना वैज्ञानिकदृष्ट्या महत्त्वाची स्थळे म्हणून संरक्षण मिळाले आहे.

या व्यवस्थेचे सविस्तर चित्र १६३५ मध्ये मार्क पिअर्स याने काढलेल्या नकाशात दिसते. त्यात पट्टे, घरे, गिरण्या, इतकेच काय, नांगरणारी माणसेही रेखाटली आहेत. हा नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. तो करवून घेणारे जमीनदार सर विल्यम कोर्टेन हे लंडनचे धनाढ्य व्यापारी. त्याच वर्षी त्यांच्या मंडळीला पूर्वेकडील व्यापाराचा राजपरवाना मिळाला आणि १६३६ मध्ये त्यांची जहाजे गोव्याला पोहोचली. नॉटिंगहॅमशरमधील खेड्याचा हा धागा असा कोकणपट्टीपर्यंत येतो, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत संसदेने हजारो कायदे करून सामायिक जमिनी कुंपणबंद केल्या. लॅक्स्टन त्यातून सुटले. येथील जमीन मुख्यत्वे दोन मोठ्या जमीनदारांमध्ये विभागलेली होती आणि त्यांचे एकमत झाले नाही, असे कारण सामान्यतः सांगितले जाते. तरीही व्यवस्था अगदी जशीच्या तशी राहिली असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी पट्टे एकत्र करून मोठे करण्यात आले; यंत्रांच्या काळात ती शेती तग धरून राहिली, ती बऱ्याच अंशी त्यामुळेच.

परंतु लॅक्स्टनचे खरे वैशिष्ट्य ‘कोर्ट लीट’ ही ग्रामन्यायसभा होय. हिवाळ्याच्या तोंडाशी शपथबद्ध पंच नव्याने गहू पेरलेल्या क्षेत्रात पायी फिरतात. कुणी नांगर सामायिक वाटेत किंवा साइकमध्ये घातला आहे काय, हे ते पाहतात आणि हद्दीवर लाकडी खुंट्या ठोकतात. त्यानंतर साधारण आठवड्याने गावातील डव्हकोट इन या पबमध्ये सभा भरते. तेथे अतिक्रमण करणाऱ्यांना दंड होतो आणि पुढील वर्षाचे पंच नेमले जातात. बांधावरून होणारी भांडणे आपल्याला परिचित आहेत. येथे शेजारीच शेजाऱ्याचा न्याय करतो आणि निकाल मानला जातो. भटक्या गुरांसाठी गावात कोंडवाडाही आहे. १९७७ च्या कायद्याने इंग्लंडमधील अशा जुन्या न्यायसभांचे अधिकार संपवले, तेव्हा लॅक्स्टनच्या सभेला स्पष्ट अपवाद केला गेला.

१९५२ मध्ये येथील जमीनदार असलेल्या मॅनव्हर्सच्या अर्लांनी हे गाव कृषी मंत्रालयाला विकले. ही पद्धती जपली जावी, हा त्यामागील हेतू होता. १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे गेले. २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटने ते विकत घेतले आणि मॅनव्हर्स घराण्याच्या वारसांकडे लॅक्स्टनची मालकी पुन्हा आली.