पाऊस स्वच्छ, तळी उपाशी

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील एका निरोगी तळ्यात १९७६ साली शास्त्रज्ञांनी जाणूनबुजून सल्फ्युरिक आम्ल ओतायला सुरुवात केली. या तळ्याची ओळख म्हणजे एक क्रमांक, २२३. आम्लवर्षेने पाण्यातले जीवन नेमके कसे बिघडत जाते, हे डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाहायचे होते. पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, काही वर्षांत ६.८ वरून ५ पर्यंत उतरवण्यात आला. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते. इथे ती साठपटींहून अधिक वाढली.

तळ्यातले मोठे ट्राउट मासे आम्लाने तडकाफडकी मेले नाहीत. ते उपासमारीने खंगले. त्यांचे खाद्य असलेले कोळंबीसारखे बारीक जीव आणि छोटे मासे सामू ६ च्या खाली गेल्यावर आधीच संपले होते. पुढे ट्राउटची पिल्लेही दिसेनाशी झाली. असे तळे काठावरून पाहिले तर बहुधा नितळ, सुंदरच दिसते, हीच त्यातली फसगत!

अमेरिकेने १९९० मध्ये हवाप्रदूषणाचा कायदा कडक केला, १९९१ मध्ये कॅनडाशी करार झाला. वीजकेंद्रे आणि धातू गाळणाऱ्या कारखान्यांतून निघणारा सल्फर डायऑक्साइड खूप घटला. पाऊस सुधारला, बऱ्याच तळ्यांचा सामूही वर आला. गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण आम्लाचा पाऊस पडत होता त्या दशकांत काठावरची माती ते आम्ल शोषून घेत होती आणि बदल्यात आपले कॅल्शियम गमावत होती. ते ओढ्यांतून वाहून गेले. सह्याद्रीचा काळा बसाल्ट झिजताना मातीला कॅल्शियम देत राहतो. ओंटारिओतला ग्रॅनाइट त्या बाबतीत कमालीचा कंजूष. आता तळ्यात येणाऱ्या पाण्यातच कॅल्शियम कमी आहे.

त्याचा पहिला फटका बसला डॅफ्निया या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जीवाला. तो शेवाळ खातो, मासे त्याला खातात. वारंवार कात टाकून नवे कवच घडवायला त्याला भरपूर कॅल्शियम लागते. त्याच्या जागी होलोपेडियम हा दुसरा जीव वाढला. त्याला कॅल्शियम अगदी थोडे पुरते, आणि अंगाभोवती जेलीचे आवरण असल्याने अनेक भक्षकांना तो गिळता येत नाही. २०१४ च्या एका अभ्यासानुसार ओंटारिओच्या अनेक तळ्यांत १९८० च्या दशकापासून त्याची संख्या जवळपास दुप्पट झाली. अन्नसाखळी तर दुबळी होतेच, शिवाय पाणी उपसणाऱ्या यंत्रणेच्या गाळण्या या जेलीने तुंबू शकतात.

स्वीडन आणि नॉर्वे आपल्या तळ्यानद्यांत कित्येक वर्षे चुनखडीची भुकटी टाकत आले आहेत. त्याने सामू सावरतो, पण सभोवतालची माती तशीच राहते. म्हणून अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील हबर्ड ब्रुक जंगलात १९९९ मध्ये हेलिकॉप्टरमधून कॅल्शियमयुक्त खनिज थेट जमिनीवर पसरण्यात आले. तिथल्या मॅपल वृक्षांनी पुन्हा जोम धरला. ओंटारिओच्या मस्कोका भागात रहिवासी घरच्या लाकडी शेगड्यांतली राख जमवून जंगलासाठी देतात, कारण राखेत कॅल्शियम भरपूर असते. मात्र पसरण्याआधी तिच्यातले जड धातू तपासावे लागतात.