गर्भीय हिमोग्लोबिन

गर्भीय हिमोग्लोबिन हे मातेच्या उदरातील बाळाच्या तांबड्या रक्तपेशींमध्ये प्राणवायू वाहून नेणारे मुख्य प्रथिन होय. संक्षेपाने त्याला एचबी-एफ असे म्हणतात. जन्मानंतर काही महिन्यांत त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन (एचबी-ए) घेते. वयानुसार जनुकांची अभिव्यक्ती कशी बदलते, याचे हे एक उत्तम अभ्यासले गेलेले उदाहरण आहे. सिकलसेल आजार केव्हा प्रकट होतो, तो किती तीव्र असतो आणि त्यावर कोणते उपचार करता येतात, या तिन्ही प्रश्नांचा या प्रथिनाशी निकटचा संबंध आहे. महाराष्ट्रात सातपुड्याचा आदिवासी पट्टा आणि विदर्भ येथे हा आजार आढळत असल्याने या विषयाला स्थानिक महत्त्वही आहे.

रचना

हिमोग्लोबिनचा रेणू चार प्रथिनशृंखलांचा बनलेला असतो. प्रौढ हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा व दोन बीटा शृंखला असतात, तर गर्भीय हिमोग्लोबिनमध्ये बीटाच्या जागी दोन गॅमा शृंखला असतात. अल्फा शृंखलेची जनुके १६व्या गुणसूत्रावर, तर गॅमा व बीटा शृंखलांची जनुके ११व्या गुणसूत्रावर एकमेकांजवळ असतात. गर्भीय हिमोग्लोबिनची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमता प्रौढ हिमोग्लोबिनपेक्षा अधिक असते. त्यामुळे वारेमधून मातेच्या रक्तातील प्राणवायू गर्भाच्या रक्तात सहज ओढला जातो.

वयानुसार होणारा बदल

शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत सर्व जनुके असतात. परंतु कोणत्या पेशीत कोणते जनुक केव्हा कार्यरत व्हावे, हे ठरलेले असते. जनुकातील माहितीनुसार प्रथिन तयार होण्याच्या क्रियेस जनुकाभिव्यक्ती म्हणतात. गर्भावस्थेच्या पहिल्या काही आठवड्यांत भ्रूणीय हिमोग्लोबिन तयार होते. त्यानंतर यकृतात रक्तपेशी बनू लागतात व गॅमा जनुक प्रबळ होते. जन्माच्या सुमारास रक्तनिर्मिती अस्थिमज्जेकडे जाते, गॅमा जनुक मंदावते आणि बीटा जनुकाचा जोर वाढतो. नवजात बालकाच्या हिमोग्लोबिनपैकी सुमारे ६० ते ८० टक्के भाग गर्भीय असतो. पहिल्या सहा महिन्यांत तो झपाट्याने घटतो आणि निरोगी प्रौढ व्यक्तीत साधारणतः एक टक्क्याच्या आसपास उरतो. गॅमा जनुक नष्ट होत नाही, ते केवळ मिटून ठेवले जाते.

प्रथिनांचे जाळे

गॅमा जनुक मिटून ठेवण्याचे काम एकटे प्रथिन करीत नाही. त्यामागे परस्परांशी जोडल्या जाणाऱ्या अनेक प्रथिनांचे जाळे असते. गर्भीय हिमोग्लोबिनचे प्रमाण व्यक्तीव्यक्तीत वेगवेगळे का असते, याचा शोध घेताना २००७-०८च्या सुमारास दुसऱ्या गुणसूत्रावरील बीसीएल११ए या जनुकाकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले. या जनुकापासून बनणारे प्रथिन गॅमा जनुकाच्या आरंभीच्या भागावर बसते आणि इतर प्रथिनांच्या समूहाच्या साहाय्याने ते जनुक बंद ठेवते. केएलएफ१ नावाचे दुसरे प्रथिन एकीकडे बीटा जनुकास चालना देते व दुसरीकडे बीसीएल११एची निर्मिती वाढवते. अशा रीतीने एका दाराची कडी लावणे आणि दुसरे दार उघडणे, ही दोन्ही कामे एकाच जाळ्यातून घडतात. सिकलसेल आजार असलेल्या उंदरांमध्ये बीसीएल११ए निष्क्रिय केल्यास आजाराची लक्षणे दूर होतात, असे २०११ मध्ये दाखवण्यात आले.

सिकलसेल आजाराशी संबंध

विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे पहिले वर्णन जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अमेरिकेत केले. हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोषामुळे होतो, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका फरक शोधला : बीटा शृंखलेतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल असते. प्राणवायू सोडल्यानंतर हे व्हॅलिन शेजारच्या रेणूतील खाचेत अडकते, रेणूस रेणू जोडला जाऊन लांब तंतू बनतात आणि पेशी ताठर व वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून तीव्र वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. सिकलसेल रुग्णाची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते, म्हणून रक्तक्षय होतो. वयाबरोबर प्लीहा, मूत्रपिंडे, हाडे व फुप्फुसे यांची हानी साठत जाते.

गॅमा शृंखला असलेले रेणू या तंतूंत सामावले जात नाहीत व त्यांची वाढ रोखतात. नवजात बालकांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फारच थोड्या दिसतात, याचे कारण गर्भीय हिमोग्लोबिन असावे, असे न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये सुचवले होते. सदोष जनुक बालकात गर्भधारणेपासूनच असते. परंतु गर्भीय हिमोग्लोबिनचे संरक्षण ओसरेपर्यंत, म्हणजे साधारणतः सहा महिन्यांपर्यंत, बालक निरोगी दिसते. जन्माच्या वेळी बाळ धडधाकट होते, एवढ्यावरून त्याला हा आजार नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.

भारतातील व महाराष्ट्रातील आढळ

भारतात या दोषाची नोंद प्रथम १९५२ मध्ये निलगिरी पर्वतातील आदिवासींमध्ये झाली. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया, यवतमाळ व अमरावती या जिल्ह्यांत तो आढळतो. खानदेशात भिल्ल व पावरा समाजांत त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री व शिरपूर या तालुक्यांचा काही भाग आदिवासी अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि तो याच पट्ट्याला लागून आहे. या दोषाची एकच प्रत असलेल्या व्यक्तीस घातक हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले, ते यामुळे.

भारतात प्रामुख्याने या दोषाचा अरब-भारतीय प्रकार आढळतो. त्यात प्रौढपणीही गर्भीय हिमोग्लोबिनचे प्रमाण तुलनेने अधिक राहते. त्यामुळे पुष्कळ रुग्णांमध्ये आजार आफ्रिकी प्रकारांपेक्षा सौम्य असतो. तथापि विदर्भातील रुग्णांत तीव्र स्वरूपही नोंदले गेले आहे.

उपचार

हायड्रॉक्सियुरिया हे मूळचे कर्करोगावरील औषध गर्भीय हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते. त्यामुळे वेदनांचे झटके कमी होतात, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिद्ध झाले. हे औषध वैद्यकीय देखरेखीखाली व नियमित रक्ततपासणी करूनच घ्यावे लागते. रुग्णाच्या स्वतःच्या मूलपेशींमध्ये बीसीएल११ए जनुकाचा रक्तपेशींपुरता चालणारा नियंत्रक भाग कापून गॅमा जनुक पुन्हा उघडणाऱ्या कॅसजेव्ही या उपचारास २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर होती. त्यामुळे सर्वसामान्य रुग्णांना आज हायड्रॉक्सियुरिया हाच अधिक आवाक्यातील मार्ग आहे.

निदान व समुपदेशन

प्राथमिक तपासणीसाठी विद्राव्यता चाचणी वापरतात. ती स्वस्त व सोपी आहे. परंतु सहा महिन्यांखालील बालकांत गर्भीय हिमोग्लोबिन जास्त असल्याने ती दोष असूनही नकारार्थी येऊ शकते. शिवाय या चाचणीतून वाहक (ए.एस.) व रुग्ण (एस.एस.) यांतील भेद कळत नाही. त्यासाठी विद्युतसंचारण किंवा एचपीएलसी ही तपासणी आवश्यक असते. एचपीएलसीने नवजात बालकाचेही निदान होऊ शकते. लवकर निदान झाल्यास जंतुसंसर्गापासून संरक्षण देणारी औषधे व लसी वेळेवर देता येतात.

वाहक व्यक्ती सामान्यतः आजारी नसते. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत बालक रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के व पूर्णतः दोषमुक्त असण्याची २५ टक्के असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा या आकड्यांचा अर्थ नाही. प्रत्येक खेपेस शक्यता तीच राहते. म्हणून विवाहापूर्वी तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. आदिवासी क्षेत्रांतील ४० वर्षांपर्यंतच्या सुमारे ७ कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत या आजाराचे सार्वजनिक आरोग्यसमस्या म्हणून उच्चाटन करणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. १९ जून हा दिवस जागतिक सिकलसेल दिन म्हणून पाळला जातो.