पहाटेच्या थंडीत डिझेलची गाडी अडते तेव्हा

नागपूर म्हटले की बाहेरच्या माणसाला मे महिन्याचे ऊन आठवते. परंतु याच शहराचा पारा २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. त्यापूर्वीचा नीचांक ३.९ अंशांचा, ७ जानेवारी १९३७ चा. तो मोडायला ८१ वर्षांहून अधिक काळ लागला. इतकी थंडी दरवर्षी पडत नाही. पण आठ-दहा अंशांच्या पहाटा इथल्या माणसाला नव्या नाहीत, आणि त्या पहाटांचा फटका सर्वांत आधी बसतो तो आपल्या छोट्या व्यापाऱ्यांना. नंदनवन, हसनबाग, वाठोडा या भागांतून फळे किंवा भाजीपाला घेऊन कळमना बाजाराकडे निघणारा माणूस फजरच्या आधीच गाडीपाशी उभा असतो. सेल्फ मारतो, इंजिन घरघरते, पण पेट घेत नाही. पाच-सात वेळा असे झाले की बॅटरीही मान टाकते. मग शेजाऱ्याला उठवा, दुसरी गाडी भाड्याने शोधा, माल इकडून तिकडे भरा. लिलाव कोणासाठी थांबत नाही. उशिरा पोहोचलेल्या मालाला मिळेल तो भाव घ्यावा लागतो.

अशा वेळी सगळा दोष थंडीला दिला जातो. आमचे म्हणणे वेगळे आहे. नागपूरच्या थंडीत एवढी ताकद नाही की धडधाकट डिझेल इंजिन अडावे. गाडीत काही तरी दिवाळीपूर्वीपासूनच बिघडलेले असते. उकाड्यात ते झाकले जाते, डिसेंबरात उघडे पडते. हा दोष नोव्हेंबरात शोधला तर थोड्या पैशांत भागते. जानेवारीच्या पहाटे शोधायला गेले तर स्टार्टर मोटार, बॅटरी आणि कधी कधी इंजिनही हातचे जाते.

असे का होते ते समजून घेऊ. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनात ती नसते. सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलने डिझेलची फवार सोडली की ती आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये हे इंजिन चालवून दाखवले, आणि मूळ तत्त्व आजही तेच आहे. म्हणजे सगळा खेळ उष्णतेचा. पहाटे गार पडलेले लोखंड ही उष्णता शोषून घेते. त्यात पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असल्या तर दाब निसटतो, आणि बॅटरी मंद असली तर इंजिन सावकाश फिरते व हवेला तापायला वेगच मिळत नाही. ही कसर भरून काढण्यासाठी हीटर प्लग असतात.

जुन्या धाटणीच्या इंजिनांत डिझेल आधी एका छोट्या खोलीत फवारले जाते आणि तिथून सिलिंडरमध्ये शिरते. २००५ मध्ये आलेला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, हाही याच जातीचा. अशा इंजिनांची थंडीत हीटर प्लगवर फार भिस्त असते. फवारा थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या ट्रकच्या इंजिनांचे तितके अडत नाही. म्हणूनच रांगेत उभा असलेला मोठा ट्रक एका सेल्फमध्ये सुरू होतो आणि शेजारचा छोटा हत्ती रडत बसतो.

आता मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी गाडीच्या मालकाने स्वतः पाहायची एक गोष्ट आहे: सेल्फ मारताना सायलेन्सरमधून काय येते? पांढरा धूर येत असेल तर डिझेल इंजिनात पोहोचते आहे, पण पेटत नाही. दोष हीटर प्लगचा, नाहीतर कॉम्प्रेशनचा किंवा नोझलचा. इंजिन जोमाने फिरते पण धूर मुळीच नाही, तर डिझेलच पोहोचत नाही. आणि इंजिन जड फिरत असेल तर बॅटरी, तिच्या तारा किंवा इंजिन ऑइल यांच्याकडे वळावे. एवढे नीट सांगता आले तर मिस्त्रीचा अर्धा तास वाचतो, आणि आपले पैसेही.

हीटर प्लगची परीक्षा अवघड नाही. प्लगांना जोडणारी पट्टी सोडवावी, टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या धन बाजूला आणि दुसरे एकेका प्लगच्या डोक्याला लावावे. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत आहे, नाही लागला तर प्लग मेला. मात्र काही प्लग दिवा लावतात पण पुरेसे तापत नाहीत. ते खात्रीने पाहायचे तर काढून, शिकलेल्या हातानेच तपासावेत, कारण चांगल्या प्लगचे टोक काही सेकंदांत लालभडक होते. चारपैकी एक मेला तर गाडी खोकत खोकत सुरू होते आणि मालक म्हणतो, चालते आहे ना! पुढे दुसरा जातो आणि मग एके दिवशी गाडी अडते. फार जुन्या काही गाड्यांत प्लग एकामागे एक जोडलेले असत. तिथे एक मेला की सगळेच थंड. प्लग सगळे चांगले निघाले तर त्यांना वीज देणारा रिले आणि फ्यूज पाहावा. बरेच जण तो विसरतात आणि नवे प्लग घालूनही तक्रार तशीच राहते.

चालकाचीही एक सवय सुधारायला हवी. चावी फिरवली की लगेच सेल्फ मारायचा नाही. डॅशबोर्डवरचे वेटोळ्याचे चिन्ह विझेपर्यंत थांबायचे, कडाक्याच्या थंडीत हे दोनदा करायचे. सेल्फ दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त ताणू नये, आणि दोन प्रयत्नांमध्ये मिनिटभर उसंत द्यावी. सलग सेल्फ मारणाऱ्याची स्टार्टर मोटार जळते. चार हीटर प्लगांचा खर्च नव्या स्टार्टर मोटारीपुढे काहीच नाही.

दुसरा मोठा दोष म्हणजे पंपाने एअर घेणे. रात्रभर गाडी उभी राहिली की कुठल्या तरी सैल वॉशरमधून किंवा तडकलेल्या पाइपमधून हवा आत शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीकडे परतते. सकाळी हँड पंप मारला की गाडी सुरू होते, म्हणून लोक रोज हँड पंप मारत राहतात. हा इलाज नव्हे. पाच-दहा रुपयांच्या तांब्याच्या वॉशरसाठी महिनोनमहिने पहाटे बोनेट उघडणारे चालक आम्ही पाहिले आहेत. पारदर्शक पाइपचा तुकडा मधे जोडला तर बुडबुडे कोणत्या बाजूने येतात ते डोळ्यांना दिसते.

बॅटरीबद्दल एक आकडा लक्षात ठेवावा. २७ अंशांना जी बॅटरी पूर्ण जोर देते, ती शून्य अंशाला साधारण ६५ टक्केच देते, आणि नेमके तेव्हाच इंजिन जड झालेले असते. विश्रांतीत असलेल्या भरल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास हवा. सेल्फ मारताना तो साडेनऊच्या खाली घसरत असेल तर बॅटरी किंवा तिच्या जोडण्या तपासाव्यात. इंजिन आणि चासीमधली अर्थची पट्टी गंजलेली असते, तिच्याकडे कोणी पाहत नाही; पॉलिश पेपरने घासून घट्ट केली तरी फरक पडतो. तसेच धूर दाबण्यासाठी झिजक्या इंजिनात जाड ऑइल भरण्याची जी पद्धत पडली आहे, ती थंडीत नडते. धूर लपतो खरा, पण पहाटे ते ऑइल काकवीसारखे होते.

या साध्या वाटा सोडून बाजारात जे उपाय चालतात त्यांच्याबद्दल आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरणे किंवा ईथरचा स्प्रे मारणे हा त्यांतला सर्वांत धोकादायक. ईथर दोनशे अंशांच्या आतच पेटतो आणि तापलेल्या हीटर प्लगचे टोक आठशेच्या वर असते. वाफ अवेळी भडकते, रिंगा तुटतात, पिस्टन फुटतो, प्रसंगी हात-तोंड भाजते. टाकीत रॉकेल मिसळणे बेकायदा तर आहेच, शिवाय रॉकेलात डिझेलइतका स्निग्धपणा नसल्याने पंप आणि नोझल झिजतात. धक्का मारून सुरू करणे जुन्या जीपला चालून गेले. टायमिंग बेल्टच्या इंजिनात बेल्टने दात सोडला तर व्हॉल्व्ह वाकतात.

आता ट्रकवाल्यांसाठी थोडे. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्या नागपुरातूनच जातो, आणि संत्र्याच्या हंगामात इथला माल याच रस्त्याने उत्तरेकडे निघतो. तिकडची थंडी वेगळ्या जातीची आहे. डिझेलमध्ये मेण असते. गारव्यात आधी त्याचे बारीक कण होतात आणि ते फिल्टरमध्ये अडकतात. म्हणून गाडी सुरू होते, दोन-चार मिनिटे चालते आणि बंद पडते. भारतीय मानकाप्रमाणे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या हिवाळी डिझेलने ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहिले पाहिजे. उन्हाळी डिझेलला हीच मर्यादा १८ अंशांची आहे. नागपुरात गाडीच्या टाकीपर्यंत एवढा गारवा क्वचितच पोहोचतो, तरी उन्हाळ्यात टाकी भरून उभी ठेवलेली गाडी थंडीत काढायची असेल तर हे ध्यानात असावे. आणि इथे भरलेली टाकी काश्मीरच्या शून्याखालच्या रात्रीत उभी केली तर घोटाळा होणारच. तिकडे पोहोचता पोहोचता टाकी रिकामी होत आणावी, तिथल्या पंपावर भरावी आणि गाडी उभी करण्यापूर्वी ती काही अंतर चालवावी, म्हणजे नवे डिझेल फिल्टरपर्यंत पोहोचते. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये खास हिवाळी डिझेल आणले, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहते.

टाकीखाली चिंध्या पेटवून डिझेल पातळ करणारे चालक आजही भेटतात. फिल्टरवर गरम पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळले तरी तेच काम होते. आणि बंद केबिनमध्ये शेगडी ठेवून कोणीही झोपू नये. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस जागाच होत नाही. शटर लावून गॅरेजमध्ये इंजिन गरम करत ठेवण्यातही हाच धोका आहे.

आपल्या मिस्त्री बांधवांसाठी यात धंदाही आहे. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बंद केल्या. पण माल वाहणाऱ्या पिकअप आणि टेम्पोंत डिझेलच्या गाड्या भरपूर आहेत. नव्या बीएस-६ गाडीत दोष शोधायला स्कॅनर लागतो. ज्यांच्या हातात हुन्नर आहे त्यांनी तो शिकून घ्यावा. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, मुलांना तिकडे पाठवावे. आणि नोव्हेंबरात गॅरेजबाहेर साधी पाटी लावावी: हीटर प्लग, बॅटरी, डिझेल लाइन, अर्थ, सगळ्याची तपासणी ठरलेल्या दरात. मजुरी आधी सांगावी आणि काढलेले जुने प्लग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावेत. गिऱ्हाइकानेही ते मागून घ्यावेत आणि कोणता प्लग कधी बदलला ते गाडीच्या वहीत तारखेसह लिहून ठेवावे.